डीफोर्ड बेली कुठे गेला?

अमेरिकेच्या कंट्री संगीतात (तिथल्या ग्रामीण लोकसंगीतातून आलेल्या प्रकारात) कृष्णवर्णीय कलाकार १९६० च्या दशकात पुढे आलेल्या गायक चार्ली प्राइडपासून आले, हे तुमच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. १० डिसेंबर १९२७ रोजी नॅशव्हिल शहराच्या रेडिओवर निवेदक जॉर्ज हे यांनी कंट्री संगीताच्या कार्यक्रमाचं 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव पहिल्यांदा उच्चारलं, तेव्हा कार्यक्रमाची सुरुवात कृष्णवर्णीय वादक डीफोर्ड बेलीच्या माउथ ऑर्गननेच झाली होती!

मी स्वतः माउथ ऑर्गन वाजवतो. 'पॅन अमेरिकन ब्लूज' या धूनमध्ये बेली एकट्याने धावती आगगाडी उभी करतो, शिटीसकट. श्वासावरची ती हुकमत आजही थक्क करते. अशा माणसाला १९४१ मध्ये ऑप्रीतून काढून टाकलं. पुढे त्याने नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशच्या दुकानावर संसार चालवला. कंट्री संगीताच्या मानकऱ्यांच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये नाव लागलं २००५ मध्ये, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. प्राइडबद्दल आदर आहेच, पण लेखात बेलीचं नाव घालून दुरुस्ती जरूर करा.