सात हजारांचा रेझर आणि तीन रुपयांचे पाते

दुधारी पात्याच्या महागड्या सेफ्टी रेझरचे गुणगान करणारा एक मजकूर सध्या सांगली-मिरज परिसरात अनेकांच्या मोबाइलवर फिरत आहे. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: रेझर फुकटाच्या भावात द्यायचा आणि पात्यांच्या किमतीत लुटायचे, हा सापळा कंपन्यांनी शंभर वर्षांपूर्वीच रचला, अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमुळे (रेझरच्या दांड्याला अडकवायच्या तयार डोक्यामुळे) केस राठ होतात आणि मानेवर पुटकुळ्या येतात, याउलट सहा-सात हजारांचा परदेशी रेझर घेतला की दाढी अधिक गुळगुळीत होते, त्वचेला त्रास होत नाही, कापतही नाही, पाते पुसून कोरडे ठेवले तर महिनाभर चालते, वरून तुरटी फिरवली की जंतुसंसर्गाची भीती उरत नाही, रेझर नातवापर्यंत टिकतो, किंमत दोन वर्षांत वसूल होते आणि कचराही होत नाही. मी स्वतः अशाच रेझरने दाढी करतो आणि तो मला मनापासून आवडतो. त्यामुळे त्याच्या नावावर काय काय खपवले जात आहे, हे तपासून पाहणे मला आवश्यक वाटले.

इतिहासाचा मुद्दा लवकर आटोपता येतो. किंग कॅम्प जिलेट यांनी १९०१ साली कंपनी काढली, १९०३ साली तिचे अवघे ५१ रेझर विकले गेले आणि १९०४ साली पेटंट हाती आले त्या वर्षी हा आकडा ९० हजारांवर गेला. त्या काळात रेझरची किंमत पाच डॉलर होती, आणि सामान्य अमेरिकन कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीतील ती मोठी रक्कम होती. मूळ पेटंटची मुदत १९२१ साली संपली आणि प्रतिस्पर्धी बाजारात उतरले, तेव्हा कुठे कंपनीने स्वस्त रेझर काढले. म्हणजे सापळ्याची गोष्ट सुरुवातीच्या वर्षांना तरी लागू पडत नाही. दोन पात्यांचे कार्ट्रिज १९७१ साली, तीन पात्यांचे १९९८ साली आणि पाच पात्यांचे २००६ साली आले, त्यांच्या किमती चढत गेल्या, आणि त्याबद्दलची टीका मला रास्त वाटते. परंतु त्याच कंपनीने २०१० साली भारतात एकाच पात्याचे कार्ट्रिज असलेला रेझर १५ रुपयांना आणि त्याचे सुटे कार्ट्रिज ५ रुपयांना आणले होते, ही गोष्ट मजकुरात सोयीस्करपणे गाळली आहे. तुलना नेहमी सर्वांत महाग कार्ट्रिजशीच करायची म्हटल्यावर निकाल आधीच ठरलेला असतो.

केस राठ होण्याच्या मुद्द्यावर तर फार शब्द खर्च करण्याचे कारणच नाही. दाढी केल्याने केसाची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही, असे अमेरिकेतील शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ सालीच प्रयोगाने दाखवले होते. पाते केसाच्या त्वचेबाहेरील निर्जीव भागाला कापते, मुळापर्यंत ते पोहोचत नाही; कापलेले टोक बोथट असल्यामुळे खुंट हाताला टोचतात, इतकेच. हे एका पात्यालाही लागू आहे आणि पाच पात्यांनाही.

मजकुराचा सारा डोलारा मात्र महाग रेझरने दाढी अधिक गुळगुळीत होते या विधानावर उभा आहे, आणि नेमके तेच सर्वांत कच्चे आहे. दुधारी रेझर स्वतः काहीच कापत नाही. जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचे लवचीक पाते वरची टोपी आणि खालची पट्टी यांच्यामध्ये दाबून किंचित वाकवायचे आणि त्याची धार गालावर साधारण ३० अंशांच्या कोनात येईल अशी घट्ट धरून ठेवायची, एवढेच त्याचे काम. पात्याची धार टोपी व पट्टी यांना जोडणाऱ्या रेषेबाहेर किती डोकावते आणि पाते व पट्टी यांच्यात किती फट राहते, यावर रेझर सौम्य की आक्रमक हे ठरते. ही अंतरे मिलिमीटरच्या अंशांत मोजण्याइतकी सूक्ष्म असतात आणि निर्माता ती मुद्दाम कमी किंवा जास्त ठेवतो; किमतीशी त्यांचा संबंध नाही. जपानच्या फेदर कंपनीचा ‘एएस-डी२’ हा स्टेनलेस स्टीलचा रेझर महागड्या रेझरांत मोडतो आणि तरीही तो अतिशय सौम्य म्हणून ओळखला जातो. त्याहून बराच स्वस्त असलेला, खालच्या पट्टीला दाते असलेला जर्मनीच्या म्यूले कंपनीचा ‘आर४१’ हा मात्र इतका आक्रमक आहे की नवख्याने त्याच्या वाटेला न गेलेले बरे. ‘रॉकवेल ६एस’ या रेझरासोबत तर उलटसुलट बसवता येणाऱ्या तीन पट्ट्याच मिळतात, म्हणजे किंमत तीच राहून सौम्यपणाच्या सहा पायऱ्या बदलता येतात.

माझा रेझर सौम्य गटातला आहे. त्याने एकदाच सुलट दाढी केली तर जबड्याखालचे आणि हनुवटीच्या खळगीतले खुंट राहतातच. पुन्हा फेस लावून दुसरा हात फिरवावा लागतो. घरातील जुना, दांडा फिरवताच वरची दोन झाकणे उघडणारा, साध्या दुकानात घेतलेला रेझर त्याच पात्याने तितकीच स्वच्छ दाढी करतो, मात्र त्याच्या दोन बाजूंपैकी एका बाजूला पाते केसभर जास्त बाहेर येते आणि हे लक्षात ठेवून हात चालवावा लागतो. जास्तीचे पैसे जातात ते नेमके इथे. पाते दोन्ही बाजूंना सारखे बसते, घट्ट धरलेले असल्यामुळे थरथरत नाही, ओल्या साबणाच्या बोटांतही दांडा निसटत नाही, आणि डोके जड असल्यामुळे वरून दाब देण्याचा मोह होत नाही. हे सुख खरे आहे आणि ऐपत असेल त्याने ते जरूर घ्यावे. पण आपल्याच देशात तयार होऊन परदेशांतही विकल्या जाणाऱ्या पार्करसारख्या रेझरांत यातील बराचसा भाग बऱ्याच कमी किमतीत मिळतो, हेही त्याच दमात सांगायला हवे.

पाते पुसून कोरडे ठेवले की महिनाभर चालते, या सल्ल्याचा उगम जुन्या काळात आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीने लेप दिलेली स्टेनलेस पाती बाजारात आणीपर्यंत सर्रास कार्बन स्टीलची पाती वापरली जात. ती गंजत, आणि काटकसरी मंडळी काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला ती घासून त्यांचे आयुष्य वाढवत. आजच्या पात्याला गंजाची तितकी भीती नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले की, केस पोलादाहून सुमारे ५० पट मऊ असूनही तो विशिष्ट कोनात वाकून धारेवर आला आणि तिथे पोलादाची घडण एकसारखी नसली, तर धारेचा सूक्ष्म टवका उडतो. अशा टवक्यांनी पाते ‘बसते’, म्हणजे बोथट होते. कोरडे ठेवून ते टळत नाहीत. उलट टॉवेलने पुसताना बोट कापण्याची भीती असते आणि धारेवरचा पातळ लेपही खराब होतो. पाते पाण्याखाली धरून झटकले तरी पुरते. राहिला प्रश्न किती दाढ्यांचा, तर बहुतेकांचे पाते तीन ते सात दाढ्यांत खुंट ओढू लागते. राठ दाढीवाल्याने महिनाभराचा हट्ट धरला तर रेझर कितीही किमतीचा असो, मान लाल होणारच. शिवाय फेदरचे पाते ज्याला तलवारीसारखे लागते त्याच्या शेजाऱ्याला तेच मानवते, आणि टोपाझ किंवा सेव्हन ओ’क्लॉकबाबतही असेच घडते. म्हणून नव्या माणसाने आधी चार प्रकारची पाती थोडीथोडी आणून पाहावीत. तो खर्च शंभर-दीडशे रुपयांच्या आतला असतो आणि रेझर बदलण्यापेक्षा त्याने फरक जास्त पडतो.

ज्या गोष्टीचा मजकुरात उल्लेखही नाही, ती म्हणजे पाणी. कोरडा केस ताठ असतो. दोन-तीन मिनिटे पाणी मुरले की तो फुगतो आणि बऱ्याच कमी जोराने कापला जातो. फेसाचे काम ते पाणी केसात टिकवणे आणि पात्याला घसरण देणे, हे आहे. आता जत किंवा आटपाडीकडच्या बोअरच्या जड पाण्यात दाढीचा साबण घोटून पाहावा: पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो, फेस ब्रशवर येतो आणि गालावर जाईपर्यंत बसतो. साताऱ्यात कासच्या तलावाचे पाणी येते त्या घरात तोच साबण आणि तोच ब्रश वेगळेच वागतात, हा मुक्कामाला गेल्यावर नेहमी येणारा अनुभव आहे. बोअरच्या पाण्यावर दाढी करणाऱ्याने पिण्यासाठी ‘आरओ’ यंत्रातून शुद्ध केलेल्या पाण्यातले वाटीभर बाजूला काढले, तर सात हजार खर्च न करता त्याची दाढी सुधारेल. (जड पाण्याचा पांढरा थर चकचकीत रेझरवरही बसतो, तो अधूनमधून पातळ व्हिनेगरने काढावा लागतो.)

त्वचेच्या त्रासाबाबत मजकुरात अर्धे सत्य आहे आणि म्हणून ते अधिक घातक आहे. अनेक पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये पहिले पाते केसाला किंचित वर ओढते आणि तो मागे सरकण्याआधी पुढचे पाते त्याला कापते. कापलेले टोक त्वचेच्या पातळीखाली जाते, आणि केस कुरळा असेल तर ते वळून त्वचेतच वाढू लागते. मानेवरच्या पुटकुळ्यांचे हे एक कारण आहे आणि एका पात्याने ते कमी होते, इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. पण त्याच मजकुरात पुढे त्वचा ताणून तीन वेळा, शेवटी उलट दिशेने, दाढी करण्याचा सल्ला दिलेला आहे. त्वचा ताणून उलट दाढी केली की एक पातेही केस तितकाच खाली कापते, म्हणजे ज्या दोषासाठी कार्ट्रिजला नावे ठेवली तोच दोष हाताने घडवून आणायचा! ज्यांना हा त्रास वारंवार होतो त्यांना त्वचारोगतज्ज्ञ सहसा फार खोल दाढी टाळून ट्रिमरने बारीक खुंट ठेवायला सांगतात. सेफ्टी रेझरने कापत नाही, हे विधानही तसेच. त्याच्या नावातली सुरक्षितता उघड्या वस्तऱ्याच्या तुलनेतली आहे. कोन चुकला किंवा दाब पडला की हनुवटीवर आणि कंठमण्याजवळ रक्त येते, आणि कार्ट्रिजची सवय असलेल्या हाताला तो दाब सोडायला वेळ लागतो.

तुरटीवरचा विश्वास आपल्याकडे जुना आहे. पावसाळ्यात कृष्णेचे गढूळ पाणी तुरटी फिरवून निवळताना पाहिलेल्या माणसाला तिच्या गुणाबद्दल वेगळे सांगावे लागत नाही. ती रक्तवाहिन्या आकुंचित करते, बारीक जखमेतील प्रथिने साकळवते, त्यामुळे रक्त थांबते; काही जिवाणूंची वाढही ती रोखते. परंतु हिपॅटायटिस-बी किंवा एचआयव्हीच्या विषाणूपासून संरक्षण मिळण्यासाठी तिच्यावर विसंबता येत नाही, आणि एकच ओला खडा अनेकांच्या कापलेल्या गालांवर फिरणे तर सरळ धोक्याचे आहे. सलूनमध्ये कारागीर गिऱ्हाइकासमोर नवे पाते मोडून त्याचा अर्धा तुकडा वस्तऱ्यात घालतो, ही चांगली प्रथा आता रुळली आहे. खड्याच्या बाबतीतही तितकीच दक्षता हवी. घरी प्रत्येकाने आपला खडा वेगळा ठेवावा, वापरल्यावर धुऊन वाळू द्यावा, आणि त्वचा कोरडी पडत असेल तर तो फक्त कापलेल्या जागी लावावा.

नातवापर्यंत टिकण्याची गोष्ट धातूवर अवलंबून आहे. स्टेनलेस स्टील आणि पितळ यांबाबत ती बऱ्याच अंशी खरी ठरते. परंतु मर्कुर ३४सी, म्यूले आर८९, एडविन जॅगर डीई८९ या नावाजलेल्या रेझरांची डोकी झमॅक नावाच्या जस्तप्रधान मिश्रधातूची असून त्यांवर क्रोमचा मुलामा असतो. ती व्यवस्थित वापरली तर वर्षानुवर्षे चालतात. मात्र फरशीवर पडून आटे तुटले किंवा मुलामा उडून आतला धातू गंजू लागला की दुरुस्ती होत नाही. घेण्यापूर्वी डोके कशाचे आहे, हे विचारावे.

किमतीचा हिशेब तर पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे. पाते ३ रुपयांचे धरले आणि आठवड्याला दोन बदलली, तर वर्षाला १०४ पाती, म्हणजे ३१२ रुपये होतात. ही बचत पात्यामुळे होते आणि ५०० रुपयांच्या रेझरमध्येही ती तितकीच होते. ७,००० रुपयांचा रेझर घेणारा माणूस जे ६,५०० रुपये जास्त देतो, त्यात २० वर्षांहून अधिक काळाची पाती आली असती. त्याची ‘वसुली’ केवळ महागड्या कार्ट्रिजशी तुलना केली तरच दिसते. फेदरची आयात केलेली पाती घेतली, तर वर्षाचा खर्चही कित्येक पटींनी वाढतो.

कचरा होत नाही, हे विधान तर ऐकून सोडून देण्यासारखे नाही. प्लॅस्टिक वाचते हे मान्य, पण वर्षाला शंभर दुधारी पाती घरातून बाहेर पडतात आणि कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकलेले पाते घंटागाडीवर पिशव्या उघडणाऱ्या कामगाराच्या हातात जाते. कंडेन्स्ड मिल्कच्या किंवा रंगाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला पाते जाईल एवढीच बारीक चीर पाडून त्यात वापरलेली पाती टाकत जावीत. पाती इतकी पातळ असतात की असा डबा वर्षानुवर्षे भरत नाही. भरल्यावर चीर ठोकून बंद करावी, वर ‘आत ब्लेड आहेत’ असे लिहावे आणि तो डबा घंटागाडीत न टाकता, आत काय आहे हे तोंडी सांगून भंगारवाल्याच्या हाती द्यावा.