सोनं घेतलंत ना, मग कुठे ठेवलंय तेही सांगा!

"मुलांसाठी सोनं घेऊन ठेव, डोळे झाकून!" हा सल्ला पुन्हा कुणी दिला तर खरंच भांडण होईल माझं. डोळे झाकून म्हणे! घेणारे डोळे झाकून घेतात आणि त्यांचे डोळे मिटले की मुलं निस्तरत बसतात.

माझा राग सोन्यावर नाही. राग आहे तो "सोनं आहे ना" एवढं बोलून सगळ्यांची तोंडं बंद करणाऱ्या मोठ्या माणसांवर. किती आहे? किती कॅरेटचं? पावत्या कुठायत? कुणाला काय द्यायचंय? विचारायची सोयच नाही! विचारलं की "आत्तापासूनच डोळा आहे का आमच्या सोन्यावर?" मग मुलं गप्प बसतात आणि सगळं गुपित राहतं. लॉकरची किल्ली कुठेतरी, पावत्या हरवलेल्या. आत काय आहे ते बँकेलाही ठाऊक नसतं, कारण लॉकरमध्ये कोण काय ठेवतं याची नोंद बँक ठेवत नाही. उद्या एखादी वस्तू कमी निघाली तर ती होती हे सिद्ध कसं करायचं?

आणि गुंतवणूक म्हणून घेतात काय, तर दागिने! घडणावळ मोजून द्यायची, मोडताना ती कुणी परत देत नाही. खड्यांचं वजन वजा, वितळवताना घट वजा. २२ कॅरेटच्या १०० ग्रॅममध्ये शुद्ध सोनं ९१.६ ग्रॅम, आणि माल १८ कॅरेटचा निघाला तर फक्त ७५. हे मुलांना कळतं कधी? आईवडील गेल्यावर, सराफाच्या काट्यापुढे उभं राहून. आधी तपासून घेऊ म्हटलं तर "भरवशाच्या माणसाकडून घेतलंय" म्हणून उडवून लावतात.

वर पुन्हा "सोनं कधी पडत नाही"! साफ खोटं. जानेवारी १९८० मध्ये औंसाला, म्हणजे साधारण ३१ ग्रॅमला, ८५० डॉलरपर्यंत गेलेला भाव १९९९ मध्ये २५०च्या आसपास आला होता. ८५०चा आकडा पुन्हा दिसायला २००८ साल उजाडलं. म्हणजे १९८०च्या त्या भावाने डॉलर मोजून कुणी बाळासाठी सोनं घेतलं असेल, तर बाळ २८ वर्षांचं झाल्यावर मुद्दल हाताला लागलं. महागाई धरलेलीच नाही, आणि व्याज सोन्याला नसतंच. नंतर भाव चढला, खूप चढला, मान्य. पण मधल्या काळात ज्याला शिक्षणासाठी ते विकावं लागलं त्याने काय करायचं?

वाटणीचं तर बोलायलाच नको. "हा हार आईने मला द्यायचं कबूल केलं होतं" असं दोघं-तिघं म्हणतात, आणि कदाचित तिने खरंच प्रत्येकाला तसं सांगितलेलं असतं! लेखी काही नाही. सख्खी भावंडं यावरून बोलायची बंद झालेली मी पाहिली आहेत. १०० ग्रॅमचं एकच बिस्किट तिघांत कसं वाटायचं? लहान नाणी ग्रॅममागे थोडी महाग पडतात, पण निदान वाटता तरी येतात ना! ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारातून खात्यावर घेतलेलं कागदी सोनं, घेणारे स्वतःला फार हुशार समजतात, पण त्यांच्याही घरी खातं कुठे आहे ते कुणाला माहीत नसतं.

एक यादी करा म्हणते मी. वस्तू, वजन, कॅरेट, पावती, कुठे ठेवलंय, कुणाला द्यायचंय. आणि त्याचं रीतसर मृत्युपत्र. पण मृत्युपत्र म्हटलं की चेहरे पडतात, "आम्ही काय मरायला टेकलोय का?" अहो, आयुष्यभर पोटाला चिमटा काढून घेतलंत ना हे सोनं? कुणासाठी? मग ज्यांच्यासाठी घेतलंत त्यांनाच ते माहीत नसावं, हा कुठला हट्ट?