फळमाशीच्या आतड्यात नेमकं काय सिद्ध झालंय?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर बराच फिरतोय: ‘मूलपेशी शरीरातली कुठलीही पेशी बनू शकते. विभागताना ती एक स्वतःसारखी आणि एक कामाची पेशी देते, नेहमीच. आणि काय बनायचं ते तिचं तीच ठरवते. फळमाशीच्या आतड्यात हे सिद्ध झालंय.’ (ही आंबा-पेरू किडवणारी फळमाशी नव्हे. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारं चिलट, म्हणजे ड्रोसोफिला.)

‘कुठलीही पेशी’ हे सरळ चूक. प्रौढ माशीच्या मधल्या आतड्यात मूलपेशी असतात हे २००६ साली दोन गटांनी दाखवलं. त्यांच्यापुढे वाटा दोनच: अन्न पचवून शोषणारी मोठी पेशी, नाहीतर संप्रेरकं सोडणारी छोटी पेशी. डोळा किंवा पंख त्यांच्या हातात नाही.

‘नेहमीच’ हा शब्दही टिकत नाही. बहुतेक वेळा एक-एक वाटणी होते, हे खरं. पण कधी दोन्ही लेकी, म्हणजे विभागणीतून झालेल्या पेशी, मूलपेशीच राहतात, कधी दोन्ही कामाला लागतात. मग एकीचा वंश आटतो आणि शेजारणीचा तिच्या जागेवर पसरतो. कोशातून नुकतीच बाहेर पडलेली माशी भरपेट खाऊ लागली, की दोन-दोन मूलपेशी देणाऱ्या विभागण्या वाढतात आणि आतडंही वाढतं.

आता ‘तिचं तीच’. मूलपेशीच्या अंगावर डेल्टा नावाचं प्रथिन असतं, लगतच्या लेकीवर नॉच. डेल्टा नॉचला भिडतो. संदेश जोरकस असला की लेक शोषक पेशीच्या वाटेला लागते. विभागायचं सोडून डीएनएच्या प्रतींवर प्रती काढते आणि फुगत जाते. मूलपेशींतून नॉच काढून टाकला, तर सूक्ष्मदर्शकाखाली छोट्या पेशींचे गठ्ठे दिसतात: मूलपेशींसारख्या आणि संप्रेरकांच्या. त्यात शोषक पेशी सापडत नाही. शिवाय जंतूंनी शोषक पेशी मारायला घेतल्या, की त्याच मरता मरता मूलपेशींना विभागायचा निरोप धाडतात.

मजकुराच्या बाजूने एवढं म्हणता येईल, की संप्रेरकांच्या वाटेला लावणारं स्क्यूट हे प्रथिन पेशीच्या आतच वाढतं. पण त्याला दाबून ठेवतो तो नॉच, आणि नॉचला जागं करते शेजारीण. काही पूर्वपेशींत, म्हणजे अजून पुरत्या न घडलेल्या लेकींत, तर ताण ओळखणारी पिएझो नावाची वाहिनी (पेशीच्या आवरणातलं प्रथिनाचं दार) असते. ती ताणली गेली की कॅल्शियम आत येतं आणि पेशी संप्रेरकांकडे वळते. २०१८ साली हे दिसलं, तेही याच चिलटाच्या आतड्यात.