दीड दिवसात एडिनबरा, सहकुटुंब

आईबाबा सहा महिन्यांसाठी इंग्लंडात आलेत, लंडन दाखवून झालंय, मुलांच्या शाळेला सुट्टी लागलीय. म्हणजे आता स्कॉटलंड. एडिनबरा निवडलंत ते उत्तमच, पण एक सावधगिरीची सूचना. या शहरात पावलोपावली काहीतरी बघण्यासारखं असतं आणि बेसावध माणूस थांबतो. एक जण थांबला की सगळं कुटुंब थांबतं आणि तुम्ही तीन रात्री जागून केलेलं एक्सेल कोसळतं. तेव्हा सहलीचं पहिलं तत्त्व: कुणालाही काहीही मनापासून आवडता कामा नये.

जायचं ऑगस्टमध्येच. १९४७ पासून ऑगस्टात तिथे फ्रिंज हा नाटक-कलांचा महोत्सव भरतो, शिवाय किल्ल्यासमोर मिलिटरी टॅटूचे, म्हणजे लष्करी बँडच्या संचलनाचे कार्यक्रम, त्यामुळे खोल्यांचे भाव पाहण्यासारखे असतात. मे-जूनच्या वाटेला जाऊ नका. जूनमध्ये रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो, मग 'चला, अंधार पडला' हे हुकमी वाक्य वापरता येत नाही. बुकिंग जुलैच्या शेवटच्या आठवड्यात करा, म्हणजे खोली एडिनबऱ्यात मिळणारच नाही आणि ती कुठल्या भागात घ्यावी हा वाद घरात होणार नाही. चुकून मिळालीच, तर २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामावर महापालिकेचा पाच टक्के कर लागतो, तोही फक्त पहिल्या पाच रात्रींना. सहाव्या रात्रीपासून माफ! ही सवलत एका रात्रीसाठी जाणाऱ्यांच्या काय कामाची, असं बाबा विचारतील. विचारू द्या.

लंडनहून किंग्ज क्रॉस स्टेशनवरून गाडी पकडली तर साडेचार तासांत माणूस एडिनबऱ्याच्या मधोमध उतरतो. हे टाळा. बेरिकच्या आसपास रूळ अगदी समुद्राच्या कडेनं जातात, आई खिडकीला नाक लावून बसते, आणि सहलीला सुरुवात होण्याआधीच तिचं समाधान होऊन बसतं. त्यापेक्षा रात्रभर मोटार हाकत न्या. साडेसहाशे किलोमीटर, शेजारच्या सीटवर बाबा, आणि दर दहा मिनिटांनी 'जरा हळू'. पहाटे सहाला पोचाल, खोली दुपारी तीनला मिळेल. मधले नऊ तास गाडीत पाय आखडून बसायला पुरतात. गाडी जुनी डिझेलची असेल तर आणखी चांगलं, कारण जून २०२४ पासून शहराच्या मध्यभागात जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना दंड आहे. ती पावती सहलीची आठवण म्हणून घरपोच येते.

आता नकाशा. एक्सेलमधली सगळी अंतरं फोनवरच्या नकाशावरून घ्या आणि त्यावर संपूर्ण विश्वास ठेवा. नकाशा सपाट असतो, एडिनबरा नसतं, पण तो एडिनबऱ्याचा दोष. जॉर्ज द फोर्थ ब्रिज आणि काउगेट हे दोन रस्ते नकाशावर एकमेकांना छेदतात. तुम्ही त्या चौकात पोचता, निळा ठिपका बरोबर जागेवर असतो, आणि ज्या हॉटेलात जेवायचंय ते काही दिसत नाही. मग धाकटा कठड्यावरून वाकतो आणि म्हणतो, 'बाबा, ते खाली आहे.' खाली म्हणजे चांगले तीन-चार मजले खाली. एक रस्ता दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो, आणि मधे जिना कुठे आहे ते नकाशाला विचारायचं नसतं. तसंच वेव्हरली या मुख्य स्टेशनपासून रॉयल माइल या जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यापर्यंत 'पाच मिनिटं' दिसली की चाकांच्या दोन मोठ्या बॅगा घेऊन खुशाल फ्लेशमार्केट क्लोजमधून निघा. तो रस्ता नसून जिना आहे, हे बॅगेला लगेच कळतं. वर पोचल्यावर दगडी फरसबंदी लागते, त्यावर त्या बॅगांचा आवाज ऐकून आजूबाजूचे लोक खिडक्या उघडतात. पाहुणचार म्हणतात तो हाच.

किल्ला हे मुख्य संकट. परदेशी माणसाला एडिनबऱ्याचा किल्ला दाखवणं सोपं, मराठी माणसाला अवघड. बाबांनी राजगड-तोरणा पायी केलेले असतात. आत शिरताच ते 'माची कुठाय?' असं विचारतील, बुरूज मोजतील आणि मग मूळ मुद्द्यावर येतील: 'पाण्याची सोय काय?' इथे तोंड घट्ट मिटून ठेवा. प्रश्न इतका नेमका आहे की उत्तर दिलंत तर दुपार गेलीच. १५७३ च्या वेढ्यात तोफांच्या माऱ्यानं डेव्हिड टॉवर कोसळला, त्याच्या ढिगाऱ्यानं विहिरीची वाट बंद झाली आणि किल्ला शेवटी पाण्यावाचून गेला. हे ऐकलं की बाबा ती विहीर पाहिल्याशिवाय हलणार नाहीत.

आणि १३१४ ची गोष्ट तर चुकूनही सांगू नका. त्या वर्षी मार्च महिन्यात स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याचा भाचा थॉमस रँडॉल्फ अवघी तीस माणसं घेऊन रात्री उत्तरेच्या कड्यावरून वर चढला आणि इंग्रजांच्या ताब्यातला किल्ला त्यानं घेतला. वाट दाखवली विल्यम फ्रान्सिस नावाच्या माणसानं. त्याला ती ठाऊक होती, कारण पूर्वी तो याच किल्ल्यात राहत असे आणि गावातल्या एका मुलीला भेटायला रात्री लपून कडा उतरत असे. सिंहगड आणि पन्हाळा तोंडपाठ असलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकवली तर काय होईल? ते तटावरून वाकून कडा बघतील. 'दोर लावला होता का? पहारा कुठे होता?' शेजारी उभ्या असलेल्या कुणा स्कॉटिश आजोबांना तानाजी सांगायला लागतील, मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी, आणि ते आजोबाही ऐकत राहतील. गेला तुमचा पाऊण तास. शिवाय एक्सेलमध्ये या प्रकाराला रकानाच नाही.

तोफेचंही तसंच. १८६१ पासून किल्ल्यावर दुपारी एकला तोफ उडते, पूर्वी फोर्थच्या खाडीतल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून. बाराला उडवली असती तर बारा बार खर्च झाले असते, एकला एकात भागतं, असा विनोद तिथले लोक स्वतःच सांगतात. बाबांना हा हिशेब मनापासून पटेल, म्हणून तोही सांगू नका. तोफ रविवारी उडत नाही. तुम्ही रविवारच धरा. पाऊण वाजल्यापासून कानावर हात ठेवून उभे राहा आणि सव्वा वाजता पुढे चला.

किल्ल्याबाहेरच्या पटांगणात सैनिकी स्मारकं आहेत, तिथे मान खाली घालून भराभर चालायचं. त्यातलं एक ७८व्या हायलँडर्स पलटणीचं आहे, १८५७-५८ मध्ये हिंदुस्थानात मेलेल्यांचं. हीच पलटण १८०३ साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आली होती, आणि त्या लढाईबद्दल तिला निशाणावर हत्ती मिरवायचा मान मिळाला. असई म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातलं. आईचं माहेर तिकडचं असेल तर संपलंच.

आईसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. रॉयल माइलवर डेव्हिड ह्यूमचा पुतळा आहे. चमत्कारांवर विश्वास ठेवू नये असं सांगण्यात या तत्त्वज्ञानं बरीच शाई खर्च केली, आणि आता लोक नशीब उघडावं म्हणून त्याच्या पायाचा अंगठा चोळतात. अंगठा सोन्यासारखा चकाकतो. आईला कुणी काही सांगावं लागत नाही. ती सरळ पुढे होते, अंगठ्याला हात लावून तो कपाळाला लावते, आणि नातवाला ओढते, 'पड रे पाया, पुढच्या वर्षी परीक्षा आहे.' एवढ्यात रांग लागते. इथे मात्र फोटो काढा. एक्सेलमध्ये 'स्थानिक संस्कृती' असा रकाना आहे, तो भरून निघतो.

ग्रेफ्रायर्स बॉबी या कुत्र्याच्या पुतळ्याचं नाकही असंच चकाकतं. मालकाच्या थडग्यापाशी तो चौदा वर्षं बसून होता अशी कथा आहे. नाक चोळू नका, झिजतंय, असं गावकरी कळवळून सांगतात. म्हणून तुम्ही चोळाच.

काल्टन टेकडीवरही एकच मिनिट. तिथे अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरासारखं भव्य स्मारक बांधायला १८२६ मध्ये घेतलं आणि १८२९ मध्ये पैसे संपले. बारा खांब उभे आहेत, बाकी आभाळ. बाबांना हे इतकं ओळखीचं वाटेल की ते निवांत पायरीवर बसतील आणि ठेकेदार कोण होता म्हणून चौकशी करतील. हात धरून उठवा. आर्थर्स सीट तर खालूनच दाखवा. अडीचशे मीटरचा विझलेला ज्वालामुखी, बाबा मोजे-सँडलवर वर जाऊन येतील आणि तुमचाच दम निघेल.

राष्ट्रीय संग्रहालय यादीतून खोडा. प्रवेश फुकट असल्यामुळे पैसे वसूल करायची घाई नसते आणि माणसं रेंगाळतात. १९९६ मध्ये एडिनबऱ्याजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये जन्मलेली डॉली ही क्लोन केलेली मेंढी तिथे पेंढा भरून ठेवलीय. धाकट्याला ती दिसली की 'मग खरी कुठली?' इथपासून प्रश्न सुरू होतात, आणि त्यांची उत्तरं तुम्हाला येत नाहीत.

जेवणाचं फार डोक्याला लावून घेऊ नका. हॅगिस हा मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा तिथला पदार्थ शाकाहारीही मिळतो, पण तो आईला आवडला तर पाककृती विचारायला ती स्वयंपाकघरात शिरेल. प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेत बाकावर दशम्या आणि लसणाची चटणी सोडा. समोर किल्ला, वर सीगल. पहिली दशमी सीगलची असते. आकाश भरून आलेलं असेल तर छत्री उघडा. वारा ती उलटी करून देतो, मग दोन्ही हात जेवायला मोकळे.

आणि आता मुख्य गोष्ट. हे सगळं अर्ध्या दिवसात उरकायचं, कारण उरलेला पूर्ण दिवस लॉक नेसचा, म्हणजे राक्षसाच्या दंतकथेसाठी प्रसिद्ध असलेल्या तळ्याचा. सकाळी आठची बस, रात्री आठला परत, मधे तळ्याकाठी जेमतेम तास-दीड तास. सदतीस किलोमीटर लांब तळं, पाणी काळंभोर, राक्षस नाही. 'पानशेतपेक्षा मोठं आहे,' एवढं बाबा म्हणतील आणि झोपतील. आई आधीच झोपलेली असेल. एक्सेलमधला हा एकमेव दिवस मिनिटाबरहुकूम पार पडतो.

परतीच्या वाटेवर एका ठिकाणी गाडी थांबवून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सत्तर फोटो एकदम टाका, न निवडता. पुण्याहून मावशी विचारेल, 'कसंय एडिनबरा?' फोन आईकडे देऊ नका. देऊन बसलात तर ती अंगठ्यापासून सुरुवात करेल आणि मधेच बाबा फोन हिसकावून कड्यावरच्या तीस माणसांवर येतील, कारण ती गोष्ट तुम्ही सांगितली नसलीत तरी किल्ल्यावरच्या गाइडनं सांगितलेलीच असते. तुम्हीच उत्तर लिहा: 'थंडी आहे, पण स्वच्छ आहे.'