प्लॉटची घाई कशाला?

मालमत्तेत पैसे गुंतवणाऱ्या नवख्याने थेट गावाकडचा एनए (बिनशेती) प्लॉट घ्यावा, हा तुमच्या लेखातला सल्ला पटला नाही. प्लॉटला भाडं नाही, आणि सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यातला बँकेच्या कर्जाचा बोजा, कुळाची (जमीन कसणाऱ्याच्या हक्काची) नोंद पहिल्याच फटक्यात वाचता येईल असं नाही. त्यापेक्षा रोजच्या येण्याजाण्याच्या भागातला वन बीएचके घेऊन भाड्याने दिलेला बरा. भाडेकरू गेला आणि फ्लॅट चार महिने रिकामा पडला, तरी हप्ता आणि मेंटेनन्स खिशातून निघतोय ना, एवढं आधी बघा. बांधकाम चालू असेल तर महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) साइटवर ताब्याची तारीख पुढे ढकललीय का तपासा. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरने किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त मागितले तर सरळ उठा, 2016च्या रेरा कायद्यात ते बसत नाही. भाडेकरूंची कटकटच नको असेल तर रीट आहेत, म्हणजे भाड्याच्या इमारतींत पैसे गुंतवणारे आणि शेअरसारखे बाजारात मिळणारे फंड; त्यांचं एक युनिटही घेता येतं. (आमच्या मेहुण्यांना मात्र जमिनीवर उभं राहिल्याशिवाय गुंतवणूक केल्यासारखं वाटत नाही!)