भिंतीवरच्या माणसाची नजर

सोफ्याच्या कव्हरला मॅच होतं म्हणून कुणी चित्र घेतलं की मला मनापासून वाईट वाटतं. त्यात माणसाचं चित्र असेल तर जास्तच. निसर्गचित्र किंवा अमूर्त चित्र नुसत्या रंगासाठी घेतलं तर एकवेळ ठीक. पण माणसाचं चित्र म्हणजे घरात कायमचं राहायला आलेलं माणूस. ते कुठे बघतंय, हे आधी बघा.

मी घेतलेलं पहिलं व्यक्तिचित्र एका म्हाताऱ्या बाईचं होतं. तैलरंगातलं, नजर थेट समोर. हनुवटीखालच्या सावलीत हिरवट रंगाचा एकच फटकारा होता, त्यावरच मी भाळले. हॉलमध्ये लावलं आणि आठवडाभरात लक्षात आलं, कुठेही बसा, ती आपल्याकडेच बघते. कारण साधं आहे. चित्र सपाट असतं, आपण बाजूला सरकलो तरी बुबुळ डोळ्याच्या मधोमधच राहतं, म्हणून नजर पाठ सोडत नाही. शेवटी तिला पॅसेजच्या टोकाला नेलं. आता येता-जाता क्षणभर नजरानजर होते आणि ती हवीशी वाटते.

डच चित्रकार व्हर्मीरची मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी सगळ्यांना माहीत असते. १६६५ च्या सुमाराचं ते चित्र जेमतेम ४४ सेंटिमीटर उंच आहे. तिचं ते वळून बघणं तेवढ्या आकारातच जिवंत वाटतं. त्याचीच चार फुटी प्रिंट लावली की ते रोखून बघणं होतं. म्हणून प्रिंट घेताना मूळ आकार जरूर शोधा.

याउलट अमृता शेरगिल यांचं १९३५ मधलं 'तीन मुली' बघा. तिघींपैकी एकीचीही नजर आपल्याला भेटत नाही. त्या आपल्याच विचारात, आणि आपण हलक्या पावलांनी खोलीत आल्यासारखे. डेन्मार्कच्या हामरशॉयने तर पत्नी इडाला कितीदा पाठमोरीच रंगवलं. चेहरा दिसत नाही, पण मान आणि खांदे पुरेसं बोलतात. झोपायच्या खोलीत मला अशीच चित्रं आवडतात.

चित्रात गोष्ट काय आहे, अर्थ काय, असं विचारून लोक उगाच दडपण घेतात. मी चेहऱ्याच्याही आधी हात बघते. हात सैल आहेत की आवळलेले? बसलेल्या माणसाचं वजन खुर्चीवर खरंच पडलंय का? चेहरा सुंदर आणि हात लाकडी असतील, तर त्या चित्राचा मला लवकर कंटाळा येतो.

लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवतात. जिथे बसूनच बघायचं असेल तिथे थोडं खाली घ्या. एका बाजूला बघणारी आकृती असेल तर ती खोलीच्या आत बघेल अशी लावा, जवळच्या कोपऱ्याकडे तोंड करून नको. जलरंगावर ऊन अजिबात येऊ देऊ नका, रंग उडतात.

आणि घाई नको. आवडलेल्या चित्राचा साधा प्रिंटआउट काढून भिंतीवर चिकटवा, दोन आठवडे राहू द्या. माझ्या टेबलासमोर सध्या एका वाकून बूट बांधणाऱ्या माणसाचं कोळशातलं रेखाटन असंच लावलंय. आज बारावा दिवस. त्याच्या डाव्या खांद्याची रेघ मी अजून रोज बघते, तेव्हा हे बहुतेक घेणारच.