भुकेचं औषध कुणालाही चालतं? त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याला उत्तर

नाशिकमध्ये सोसायट्यांच्या, शाळेतल्या आयांच्या आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मी सिडकोत औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, त्यामुळे तो मला काउंटरवरच भेटतो. लोक मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "ताई, हे आहे का?"

मेसेजचा मतलब असा: मूल जेवत नसेल, अंग धरत नसेल तर भुकेचं सिरप जेवणाआधी दोन-दोन चमचे द्या. मोठ्यांनी त्याचीच गोळी घ्यावी आणि जोडीला रोज एक छोटी पांढरी गोळी, डेक्सामेथासोन. महिन्यात पाच किलो वजन वाढतं. म्हाताऱ्या माणसांनाही चालतं. झोप जरा जास्त येते, पण तीही अंगी लागते. हे व्हिटॅमिनसारखंच असल्यामुळे चिठ्ठीची गरज नाही.

एकेक दावा घेते.

"व्हिटॅमिनसारखंच आहे."

बाटली हातात घ्या आणि उलटी फिरवा. पुढच्या बाजूला फळं असतील, गुटगुटीत बाळ असेल. मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की दर ५ मिलिलिटरमध्ये सायप्रोहेप्टाडीन हायड्रोक्लोराइड २ मिलिग्रॅम. बऱ्याच बाटल्यांत सोबत ट्रायकोलीन सायट्रेट आणि सॉर्बिटॉल असतं. या सॉर्बिटॉलनेच काही मुलांचं पोट बिघडतं आणि घरचे पाण्याला दोष देत बसतात.

सायप्रोहेप्टाडीन हे मुळात अ‍ॅलर्जीचं औषध, जुन्या पिढीचं अँटीहिस्टामिन. ते मेंदूत पोचतं आणि हिस्टामिन व सेरोटोनिन या दोन्हींचं काम अडवतं. पोट भरल्याचा निरोप याच दोन रसायनांमार्फत जातो. तो अडला की भूक जास्त लागते. म्हणजे हे औषध शरीराला पोषण देत नाही, मेंदूतला एक निरोप थांबवतं. व्हिटॅमिनशी त्याचं काही नातं नाही.

औषध टाकाऊ आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. कॅन्सरचे उपचार चालू असलेली मुलं, सिस्टिक फायब्रोसिससारखा आजार असलेली मुलं यांच्यात डॉक्टर ते विचार करून वापरतात. लहान मुलांच्या मायग्रेनमध्येही देतात. माझा आक्षेप आहे तो कारण न शोधता, वजन न करता आणि कधी थांबायचं हे न ठरवता बाटलीमागून बाटली नेण्याला.

"मूल जेवत नसेल तर सरळ सुरू करा."

या वाक्याला मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे, कारण दुकानात सर्वाधिक याच तक्रारीसाठी येतात.

जन्मतः ३ किलोचं बाळ वर्षाचं होतं तेव्हा साधारण ९ किलोचं असतं. एका वर्षात सहा किलो. दुसऱ्या वर्षात ते दोन-अडीच किलोच वाढतं, आणि पुढे कितीतरी वर्षं सालाला दोनेक किलो. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. नेमक्या याच वयात आई म्हणते, "आधी सगळं खायचा, आता तोंड फिरवतो." आजी म्हणते, दृष्ट लागली. खरं तर बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. खात्री करायची तर माता-बाल संरक्षण कार्डावरचा वाढीचा तक्ता काढा. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, त्याचे ठिपके जोडून बघा. रेष आपल्या वाटेने वर चालली असेल तर मूल त्याला हवं तेवढं खातंय. शेजारचा पोरगा किती गुबगुबीत आहे, यावर काही ठरत नाही.

रेष आडवी झाली किंवा खाली वळली, तर मात्र ते गंभीर घ्या, आणि तेव्हाही पहिला मान सिरपचा नाही. रक्त कमी असेल तर भूक मरते. लोहाची कमतरता आपल्याकडे घरोघरी आहे. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणाऱ्या मुलाचं पोट दुधानेच भरतं, आणि दुधात लोह जवळपास नसतं. बद्धकोष्ठ, जंत, लघवीच्या जागेचा संसर्ग, घरात कुणाला टीबी असणं, ही सगळी कारणं डॉक्टर तपासून काढतात. जंतांची गोळी तर शाळेत आणि अंगणवाडीत फुकट मिळते. आणि जेवणाच्या तासभर आधी पाच रुपयांचा बिस्किटपुडा खाल्लेल्या मुलाला भूक लागेल कशी? हे मी आयांना काउंटरवरून सांगते तेव्हा काहींना राग येतो. तरी सांगते.

मुलाला औषध सुरू करून रक्त तपासायचं राहून गेलं, तर त्याने दोन घास जास्त खाल्ले म्हणून घर निश्चिंत होतं आणि मूळ दुखणं आत वाढत राहतं. मोठ्या माणसाची भूक गेली, वजन उतरलं, दोन आठवड्यांवर खोकला आहे, संध्याकाळी अंग गरम लागतं, तर तिथे थुंकीची तपासणी लागते. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. टॉनिकवर घालवलेला प्रत्येक महिना घरातल्या बाकीच्यांनाही धोक्यात टाकतो.

"दोन-दोन चमचे द्या."

कुठला चमचा? घरात चहाचा असतो, पोह्यांचा असतो, वाढायचा असतो. लहान चमचा ५ मिलीचा धरतात, मोठा १५ मिलीचा. म्हणजे एका शब्दाच्या गफलतीत मात्रा तिप्पट झाली. बाटलीबरोबरचं खुणांचं झाकण किंवा मापाची पिचकारी वापरा, आणि डॉक्टरांकडून मात्रा मिलिलिटरमध्येच लिहून घ्या. मुलाचं वय आणि वजन बघून ती ठरते. दोन वर्षांखालच्या बाळात हे औषध सुरक्षित असल्याचं सिद्ध झालेलं नाही, नवजात बाळाला तर ते द्यायचंच नसतं. मेसेजमध्ये वयाचा उल्लेखसुद्धा नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं.

निफाडचा पारा उतरला की आपल्याकडे घराघरांत सर्दी असते. सर्दीच्या बहुतेक सिरपमध्ये क्लोरफेनिरामिन असतं, तेही याच जातीचं औषध. भुकेचं चालू असताना सर्दीचंही दिलं, की मुलाच्या पोटात गुंगीची दोन औषधं गेली. मात्रा जास्त झाली तर मूल नुसतं झोपतं असं नाही. काही मुलं उलट बेचैन होतात, भलतंच बडबडतात, अंग लाल-कोरडं-गरम पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, झटकेही येऊ शकतात. मुलाच्या हाती लागून बाटली संपली असेल तर लक्षणांची वाट बघू नका. रिकामी बाटली घेऊन तडक दवाखाना गाठा.

"झोप येते, तीही अंगी लागते."

अंबड-सातपूरला प्रेस मशिनवर रात्रपाळी करणारा माणूस ही गोळी घेऊन कामावर उभा राहिला तर? द्वारका चौकातून दुचाकी काढणारा? पहिले काही दिवस गुंगी हमखास असते, आणि दारू प्यायल्यास ती कितीतरी वाढते. शाळेतलं मूल बाकावर पेंगतं आणि बाईंना वाटतं लक्ष नाही. डॉक्टरांनी औषध दिलंच असेल तर कामाची वेळ, गाडी चालवणं हे त्यांना आधी सांगा. वेळा त्याप्रमाणे बदलून देता येतात.

आणखी एक. नैराश्यासाठी फ्लुओक्सेटीनसारखी गोळी चालू असेल तर सायप्रोहेप्टाडीन तिचा परिणाम कमी करू शकतं, कारण एक सेरोटोनिन वाढवायला बघतं आणि दुसरं त्याचं काम अडवतं. घरात मानसोपचाराची गोळी लपवून घेणारे पुष्कळ आहेत. डॉक्टरांपासून तरी लपवू नका.

"म्हाताऱ्या माणसांनाही चालतं."

उलट त्यांनाच सगळ्यात कमी चालतं. काचबिंदूचा एक प्रकार, प्रोस्टेटची वाढ, लघवी अडकणं, या तिन्हींत हे औषध द्यायचं नसतं, आणि हे त्रास नेमके उतारवयातले. तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, रात्री उठताना तोल जातो, भ्रम होतो. अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीच्या 'बीअर्स' यादीत, म्हणजे ज्येष्ठांनी शक्यतो टाळायच्या औषधांच्या यादीत, सायप्रोहेप्टाडीन आहे.

आजोबांची भूक का गेली ते आधी बघा. कवळी टोचते का, शुगरची मेटफॉर्मिन नव्याने सुरू झाली का, पोट साफ होतं का, आजी गेल्यापासून एकटेच ताटावर बसतात का. कारण सापडत नसेल आणि वजन उतरतच असेल, तर सगळ्या तपासण्या करायलाच हव्यात.

"महिन्यात पाच किलो."

काही आठवडे भूक लागते, वजन थोडं वाढतं, मग शरीर औषधाला सरावतं. बंद केल्यावर पुष्कळांचं वजन पुन्हा खाली येतं, म्हणून माणूस पुढची बाटली आणतो आणि हे चक्र थांबत नाही. लग्न ठरलेल्या मुलींना "अंग भरू दे" म्हणून ही गोळी आणून देणाऱ्या मावश्या-काकूंना माझी कळकळीची विनंती आहे, असं करू नका. आपल्या देशात बनणाऱ्या 'अपेटामिन' या अशाच सिरपबद्दल अमेरिकेच्या एफडीएने जाहीर इशारा दिला, कारण तिकडेही बांधा सुधारायला म्हणून ते चोरून विकलं जात होतं. भुकेच्या औषधांचा प्रश्न आपल्याकडेही नवा नाही. बुक्लिझिन या दुसऱ्या औषधाला भूक वाढवण्यासाठी दिलेल्या मंजुरीवर संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने २०१२च्या अहवालात बोट ठेवलं होतं.

"जोडीला रोज एक छोटी पांढरी गोळी."

हा या मेसेजमधला खरा विषारी भाग. डेक्सामेथासोन हे जोरदार स्टेरॉइड आहे. पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन म्हणजे ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, आणि एका गोळीचा परिणाम दीड-दोन दिवस टिकतो. योग्य जागी ते जीव वाचवतं. कोविडमध्ये ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांना त्याचा फायदा झाला. नंतर म्युकरमायकोसिसचे रुग्ण आले, त्यात वाढलेली शुगर आणि बेसुमार स्टेरॉइड यांचा हात होता, हेही आपण २०२१मध्ये पाहिलं.

भरतीची तयारी करणारी मुलं ही गोळी 'तब्येत करायला' घेतात. पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता ७९ सेंटीमीटर लागते आणि फुगवून ५ सेंटीमीटर वाढावी लागते, त्या आकड्यासाठी ही धडपड. पण स्टेरॉइडने वाढतं काय? अंगात पाणी साठतं. चरबी गालांवर, पोटावर आणि मानेच्या मागे चढते. आणि मांड्या-दंडांचे स्नायू उलट झिजतात. १६०० मीटर ज्या मांड्यांवर धावायचंय, त्याच ही गोळी खाऊन टाकते. गाल वर आले की घरचे म्हणतात, पोरगं सुधारलं. त्याच वेळी आत शुगर आणि बीपी वाढत असतं, हाडं ठिसूळ होत असतात, पोटात व्रण होऊ शकतो, दबलेला टीबी डोकं वर काढू शकतो. वजन वाढवायला डेक्सामेथासोन घेणं कुणालाही, कुठल्याही मात्रेत योग्य नाही. यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

"चिठ्ठीची गरज नाही."

स्टेरॉइड शेड्यूल एचमधलं औषध आहे, चिठ्ठीशिवाय विकणं गुन्हा आहे. कुणी खाकी पुडीत सुट्ट्या गोळ्या देत असेल, ना नाव, ना बॅच नंबर, ना एक्स्पायरी, तर घेऊ नका. वजन वाढवणाऱ्या बिननावाच्या 'आयुर्वेदिक' पावडरींनाही हेच लागू, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणं सापडली आहेत. आठ दिवसांत चेहरा भरवणारी जडीबुटी नसते. गोळे कॉलनीतून होलसेलमध्ये आणली म्हणून औषधाची जात बदलत नाही. पक्कं बिल मागा, मिळेल तिथूनच घ्या. कुठल्याही औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तुम्ही स्वतः नोंदवू शकता, फोन फुकट आहे.

"हे वाचून आजपासून बंद करतो."

हे मेसेजमधलं वाक्य नाही, पण वाचणाऱ्यांपैकी काहींच्या मनात आत्ता तेच आलं असणार. नुसतं भुकेचं सिरप चालू असेल तर ते थांबवून मुलाला डॉक्टरांना दाखवा, वजनाचं कार्ड सोबत न्या. पांढऱ्या गोळीचं तसं नाही. तीन आठवड्यांहून जास्त दिवस घेतली असेल तर ती एकदम सोडू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतात, आणि त्या पुन्हा कामाला लागायला वेळ घेतात. डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवतात. लाज वाटून पट्टी घरी ठेवू नका, ती दाखवा, किती दिवस घेतली ते खरं सांगा. आणि कुणी आधीच बंद केली असेल आणि उलट्या, चक्कर, पोटदुखी, उभं राहवत नाही इतका थकवा असेल, तर उशीर न करता सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात कॅज्युअल्टीला न्या. केसपेपर काढतानाच सांगा की इतके दिवस डेक्सामेथासोन चालू होतं आणि अमुक दिवशी बंद केलं.